मदत हवी आहे: दोघांच्या पगारात पार्ले पूर्व परवडेल का?

मंडळी, बरेच दिवस आमच्या घरात हा एकच विषय चाललाय आणि आता दोघांनाही पुढचं सुचेनासं झालंय, म्हणून इथे विचारते आहे. पार्ल्यात राहणाऱ्यांनी, त्यातही गेल्या काही वर्षांत बाहेरून तिथे आलेल्यांनी, कृपया मोकळेपणाने सांगा.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. माझं ऑफिस अंधेरी एमआयडीसीत, नवऱ्याचं बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. माझे आईबाबा पार्ले पूर्वेला हनुमान रोडच्या बाजूला जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. आई म्हणते, "जवळ या, नातीला मी सांभाळते." आणि मलाही आता त्या दोघांच्या जवळ असायचंय.

रोज फास्ट लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने चकाला. जाताना जमतं, येताना घाटकोपरला कल्याण गाडीत पाय ठेवायला जागा नसते. पाळणाघर साडेसातपर्यंत असतं, मला उशीर झाला की तिथल्या ताई लेकीला स्वतःच्या घरात बसवतात. कधी एका शब्दाने बोलत नाहीत. पण मी पोहोचते तेव्हा ही बूट घालून, दप्तर पाठीला लावून दाराशीच बसलेली असते. ताई सांगतात की सात वाजल्यापासून कुठलीही बेल वाजली की ती उठून उभी राहते. हे ऐकल्यापासून पार्ल्याचा विषय माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आता आकडे. हातात येणारा पगार माझा ९० हजार, नवऱ्याचा १ लाख ३० हजार, म्हणजे २ लाख २० हजार. डोंबिवलीच्या वन बीएचकेचं २६ लाख कर्ज बाकी आहे, हप्ता ३१ हजार. बाकी सगळा खर्च ९० हजारांच्या आसपास जातो. त्यात पाळणाघराचे ९ हजार आणि चिपळूणला सासूसासऱ्यांना पाठवतो ते १५ हजार आले. शिल्लक प्रॉव्हिडंट फंड सोडून १४ लाख. कमी वाटेल, पण नवऱ्याचा पगार अलीकडेच वाढलाय आणि २०२१ च्या पुरानंतर चिपळूणचं घर जवळजवळ नव्याने उभं करावं लागलं.

पार्ल्यात जुन्या बिल्डिंगमधला ४२० चौरस फूट कार्पेटचा (भिंतींच्या आतली जागा) वन बीएचके १ कोटी ६५ लाखांना सांगितलाय. ७५ लाखांच्या वरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे जास्तीत जास्त १ कोटी २४ लाख. उरलेले ४१ लाख, मुद्रांक शुल्क ६ टक्के म्हणजे जवळपास १० लाख, नोंदणीचे ३० हजार, वर ब्रोकर. ५३ लाख तरी उभे करायला हवेत. डोंबिवलीचं घर ७० लाखांना जाईल, कर्ज फेडून ४४ लाख हातात येतील, त्यात आमचे १४. घर होतं, पण हाताशी ५ लाखही उरत नाहीत. २० वर्षांसाठी ८ टक्के व्याज धरलं तर हप्ता १ लाख ३ हजारांच्या पुढे जातो. मेंटेनन्स ७ हजार वेगळा.

तिथेच भाड्याने वन बीएचके ५२ हजारांना मिळतोय. टू बीएचके ८० च्या खाली कुणी बोलतच नाही. डोंबिवलीचं घर भाड्याने दिलं तर सोसायटीचे पैसे वजा जाता १५ हजार येतील.

नवऱ्याचं म्हणणं, स्वतःचं घर असताना दुसऱ्याचं भाडं का भरायचं, जायचं तर विकत घेऊनच जाऊ. मला भीती वाटते. तुम्ही आमच्या जागी असतात तर काय केलं असतंत? आणि घरभाडं सोडून पार्ल्याचा रोजचा खर्च डोंबिवलीपेक्षा खरंच किती वाढतो?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या सगळ्या आकड्यांत एक आकडा राहिलाय. दोघांपैकी एकाचा पगार थांबला तर? तुमचा थांबला तर नवऱ्याच्या १ लाख ३० हजारांतून हप्ता आणि मेंटेनन्स जाऊन १९-२० हजार उरतात. त्यांचा थांबला तर तुमच्या पगारात हप्तासुद्धा बसत नाही. दोघंही कमावते असताना, पाळणाघराचे पैसे वाचले तरी, सगळा खर्च जाऊन महिन्याला २८ हजार उरतील, तेही काही अडलं नाही तर. बँक दोघांचं उत्पन्न जोडून कर्ज देईल, त्यावर जाऊ नका.

भाड्याचा हिशेब मांडून बघा. ५२ अधिक ३१, त्यातून १५ वजा, म्हणजे ६८ हजार. पाळणाघर सुटलं तर महिन्याला ७० हजार मागे पडतील, १४ लाखांना हातही लागणार नाही, आणि वेळ आलीच तर डोंबिवलीचं दार उघडं आहे. दुसऱ्याचं भाडं भरणं वाया जातं हे मला पटत नाही. त्या पैशात तुम्ही आईची सोबत आणि रोजचे तीन तास घेताय.

प्रतिसाद २

मी जन्मापासून पार्लेकर. जुन्या बिल्डिंगमधलं घर घेत असाल तर आधी रीडेव्हलपमेंटची चौकशी करा. आपल्याकडे बराच भाग विमानतळाच्या फनेलमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली येतो, तिथे उंचीवर बंधन आहे. मजले चढवता येत नाहीत म्हणून बिल्डर पुढे येत नाही, आणि सोसायट्या वर्षानुवर्षं मीटिंगा घेत बसतात. विकणारा मात्र "रीडेव्हलपमेंटला जाणार आहे" म्हणून आजच चढा भाव लावतो. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, ठराव कुठवर आलाय, हे सेक्रेटरींना भेटून विचारा. ब्रोकरच्या तोंडी माहितीवर १ कोटी ६५ लाख टाकू नका.

शाळेचं काय ठरवलंय? मुलीला मराठी माध्यमात घालणार असाल तर पार्ले टिळक विद्यालय आहेच, १९२१ सालची शाळा, आणि फीचा ताण येत नाही. इंटरनॅशनल बोर्डाच्या मागे लागलात तर मात्र हा सगळा हिशेब बदलेल.

प्रतिसाद ३

आम्ही बदलापूरहून पार्ल्यात भाड्याने आलो. भाजी, फळं महाग आहेत, कामवाल्या ताईंचा पगार जास्त आहे, पण खर्च खरा वाढतो तो मुलांच्या क्लासेसमुळे. बिल्डिंगमधली सगळी मुलं कुठे ना कुठे जातात, आपल्याला नाही म्हणणं जड जातं. महिन्याला १०-१२ हजार जास्तीचे धराच.

करार ११ महिन्यांचा करू नका. मालकाशी बोलून २४ किंवा ३६ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा, दरवर्षीची वाढ किती ते त्यात लिहून घ्या आणि नोंदणी करा. नाहीतर मूल शाळेत रुळतं आणि वर्षाने पुन्हा घर शोधत फिरावं लागतं. शिवाय भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर असेल तर भाड्यातून २ टक्के टीडीएस (मालकाच्या नावाने आयकर) कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते. मालकाला ५० हजारांपर्यंत खाली आणता आलं तर बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. एका पगाराचा हिशेब त्याने स्वतः पुन्हा कागदावर मांडला आणि विकत घेण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवायला तयार झाला. मुलीला मराठी माध्यमातच घालणार आहोत, ते आमचं आधीपासून ठरलेलं आहे.

आता एकच अडचण. ५० हजारांपर्यंत जी घरं दिसतायत ती सगळी लिफ्ट नसलेली, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची आहेत. बाबांना आमच्याकडे येता-जाता यायला हवं, नाहीतर जवळ जाऊन काय उपयोग? स्टेशनपासून थोडं लांब, हायवेच्या बाजूला गेलं तर तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेलं घर या भाड्यात मिळेल का? सहार रोडकडचा भाग कसा आहे? तिथून हनुमान रोडला रिक्षा सहज मिळते का, तेही कुणी सांगितलंत तर बरं होईल. येत्या रविवारी घरं बघायला जाणार आहोत.