येरळवाडीवर डुबी मारणारी बदकं मोजताना आकडा जुळत नाही

माणदेशी_पाखरू:
जानेवारीच्या पाणपक्षी गणनेसाठी येरळवाडी आणि मायणी असे दोन तलाव धरलेत. थापट्या, हळदी-कुंकू बदकं यांचे आकडे जुळतात. लालसरी आणि शेंडी या डुबी मारणाऱ्या बदकांचं मात्र एकाच काठावरून तिघांनी मोजलं तर ४०, ५५, ३१. दुर्बीण ८×४२. चुकतंय कुठं?

भोवत्या:
दुर्बिणीत नाही, मोजण्यात. थापट्या चोचीनं पाणी चाळत वरच राहतो; डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवली की काम झालं. लालसरी एका बुडीत १५-२० सेकंद खाली असते, आणि पाच-दहा जणी बरोबरच बुडतात. नजर फिरती ठेवली की काही सुटतात, काही पुढं वर येऊन दुसऱ्यांदा मोजल्या जातात.

पलीकडच्या काठावरचं झाड, पंपघर अशा खुणा धरून पाण्याचे पट्टे पाडा. एका पट्ट्यावर दुर्बीण रोखून मिनिटभर थांबा, तेवढ्यात तीन-चारदा मोजा. सगळ्यांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढायची नाही, कारण नजर एकाच पट्ट्यावर रोखली की बुडालेलं पाखरू आकडा नेहमी कमीच दाखवतं, जास्त कधीच नाही.

कृष्णाकाठ:
त्या ५५ मध्ये वारकरी (बदकासारखा काळा पाणपक्षी) किती, ते आधी बघा! तोही बुडी मारतो, लांबून काळाच दिसतो. पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा आणि पोहताना मान पुढंमागं हलते. शेंडी बदकाचा नर काळा, पण कुशीला पांढरी पट्टी. वारकऱ्याला ती नसते.

सकाळी १० नंतर पाण्यावर ऊन थरथरतं, तेव्हा लांबचा थवा मोजू नका. सूर्य पाठीशी ठेवा. वाऱ्यानं लाटा उठल्या तर पाण्यात खोल बसणारी ही बदकं लाटेआड जातात. त्या दिवशी निमूट परत या.

माणदेशी_पाखरू:
थवा उठवून हवेत मोजला तर? आणि माद्यांचं काय?

भोवत्या:
उठवू अजिबात नका. ही बदकं पाण्यावर धावत उडतात, त्यात ताकद जाते; शिवाय ती पुढच्या पट्ट्यात उतरली की तुमचीच बेरीज बिघडली. भोवत्या (शिकारी पक्षी, मी नव्हे) येऊन थवा उठला, तर तो पट्टा पुन्हा पहिल्यापासून.

माद्या तपकिरी, लांबून सारख्याच वाटतात. खात्री नसेल तर ‘अनोळखी बदक’ या रकान्यात टाका, नरांच्या प्रमाणात वाटून देऊ नका.