सोलापूरच्या उन्हात रोज लावायला हलका सुगंध कोणता?

जुळे_सोलापूर:
नमस्कार मंडळी. राहते जुळे सोलापुरात, नोकरी नवी पेठेत. स्कूटरवरून ऑफिसला पोचेपर्यंत सकाळच्या अंघोळीचा ताजेपणा संपलेला असतो. मागच्या महिन्यात दुकानदाराच्या सांगण्यावरून एक महागडी बाटली घेतली. सकाळी वास छान होता, पण बारा वाजता घामात मिसळून असा दर्प सुटला की शेजारच्या मॅडमनी उठून खिडकी उघडली. त्यांना अर्धशिशीचा त्रास आहे. मला फार वाईट वाटलं. कुणाला त्रास होणार नाही असं रोजचं काही सुचवा. कुठे आणि किती लावायचं तेही सांगा.

वाळ्याची_जुडी:
ताई, आधी बाटलीवर काय लिहिलंय ते बघा. ईडीपी (ओ द पर्फ्यूम) असेल तर त्यात सुगंधी अर्क साधारण 15 ते 20 टक्के असतो, ईडीटीमध्ये (ओ द टॉयलेट) 5 ते 15 आणि कोलोनमध्ये 2 ते 5च्या आसपास. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. एवढ्या उन्हात अर्क भराभर उडतो, वास लांबपर्यंत जातो, आणि व्हॅनिला, ऊद, अंबर असले गोड-जड वास मागे चिकटून राहतात. मार्च ते जून ते कपाटातच राहू द्या. लिंबू, संत्र्याची साल, नेरोली म्हणजे कडू संत्र्याची फुलं, असं काही असलेलं कोलोन किंवा ईडीटी बघा. ते दोन-तीन तासांत उडून जाईल, पण तो त्याचा दोष नाही. छोट्या बाटलीत भरून पर्समध्ये ठेवा, जेवणाच्या सुट्टीत हात-तोंड धुऊन पुन्हा एकदा लावा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर वाळा. वडील यंत्रमागावर कामाला होते. पाळी संपवून घरी आले की अंघोळ, धुतलेला बनियन, आणि कानाच्या वरच्या घडीत वाळ्याच्या अत्तराचा फाया. फाया तो केवढा, उडदाच्या दाण्याएवढा कापूस! दारातून आत येणाऱ्याला काही कळायचं नाही. मी अभ्यासाची वही घेऊन मांडीला मांडी लावून बसले की मग तो ओल्या मुळांचा थंड वास यायचा. रोजचा सुगंध इतकाच असावा, असं मला मनापासून वाटतं.

लावायची पद्धत: अंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच मनगटाला आणि कोपराच्या आतल्या बाजूला खोबरेल तेलाचं बोट फिरवा. कोरड्या कातडीवर वास टिकत नाही. त्यावर एकच फवारा, किंवा अत्तर असेल तर काडीचं एक टोक. मनगटं एकमेकांवर घासू नका. काखेत तर मुळीच नाही, दर्प तिथूनच सुटतो.

विजापूर_वेस:
वाळ्याला माझंही अनुमोदन. फक्त घेताना जपून. कन्नौजला तांब्याच्या देगेत फुलं नाहीतर मुळं उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि भपक्यात असतं चंदनाचं तेल. ते वाफेतला वास धरून ठेवतं. चंदन महागल्यापासून बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी लिक्विड पॅराफिन वापरतात. रोजच्यासाठी तेही चालतं, पण शंभर रुपयांच्या बाटलीला कुणी ‘रूह’, म्हणजे काहीही न मिसळलेला शुद्ध अर्क, म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. रमजानच्या बाजारात अत्तरं हुंगायला मिळतात. तीनच्या वर हुंगू नका, नाक काम करत नाही. हातावर लावून तासभर हिंडा, मग घ्या. उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा, मातीचं अत्तर. हिना आणि शमामा ही उष्ण, मसालेदार अत्तरं गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतल्या थंडीसाठी ठेवा.

पांढरा_कुर्ता:
अत्तर कपड्यावर लावू नका, तेलकट डाग पडतो. माझा नवा कुर्ता तसाच गेला. रेशमी साडीवर फवाराही नको. हातरुमालाचा कोपरा पुरे.

दुपारची_बस:
एक महत्त्वाचं. बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक फळ), लिंबू यांचं शुद्ध तेल मानेवर लावून उन्हात जाऊ नये. काहींची कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. स्कूटरवर जाताना मान उघडी असते, म्हणून सांगितलं. आणि घामाच्या वासावर काखेत तुरटी फिरवा, सुगंधाने तो झाकायला जाऊ नका.

वाळ्याची_जुडी:
बरोबर. अजून एक, ताई. अर्धशिशीवाल्यांना नैसर्गिक अत्तरही सोसेलच असं नाही. त्या मॅडमना आधी विचारून घ्या. बाटली स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हानं वास बिघडतो.

जुळे_सोलापूर:
सगळ्यांचे आभार! मॅडमना विचारलं. म्हणाल्या, लावून बघ, त्रास झाला तर लगेच सांगेन. वाळ्याचं छोटं अत्तर आणलं, घरून निघताना कानात फाया ठेवते. आज पाचवा दिवस. खिडकी बंदच आहे. दुपारी मॅडम फाईल द्यायला माझ्या टेबलाशी वाकल्या आणि शिपायाला म्हणाल्या, “काय रे, माठात आज वाळा टाकलास का?”