तोंडात मिठाची गुळणी धरलेले नायक

मधली सुट्टी (धागाकर्ता)
परवा धाकट्या भावाला 'हाफ-लाइफ २' हा व्हिडिओ गेम खेळायला बसवलं. पंधरा मिनिटांत प्रश्न आला, "दादा, हा मुका आहे का?" म्हटलं, नाही रे, हा गॉर्डन फ्रीमन, एमआयटीतून भौतिकशास्त्रात पीएचडी केलेला. "मग व्हायव्हा कसा पास झाला?"

निरुत्तर झालो. 'खेळणाऱ्याला आपणच नायक वाटावं म्हणून तो बोलत नाही' हे मीही वर्षानुवर्षं पोपटासारखं सांगत आलोय. आता पटेनासं झालंय. अ‍ॅलिक्स (फ्रीमनची गेममधली साथीदार) जीव तोडून बोलते, पुढे एका भागात तिचे वडील तिच्या डोळ्यांदेखत जातात, आणि आपण देवळातल्या खांबासारखे उभे. मला हा सगळा काटकसरीला दिलेला तत्त्वज्ञानाचा मुलामा वाटतो. २००१ च्या 'जीटीए ३' मधला नायक क्लॉड अख्ख्या गेमभर ब्र काढत नाही. गेम तुफान चालला आणि पुढच्याच वर्षी त्याच मालिकेतल्या 'व्हाइस सिटी'त नायक टॉमी व्हर्सेटीला थेट हॉलिवूडच्या रे लिओटाचा आवाज. हाती पैसा आला, नायकाला वाचा फुटली.

रात्रपाळी
साफ असहमत. 'हाफ-लाइफ २' मध्ये फ्रीमन सोडून झाडून सगळे बोलतात, तेही भरपूर. आवाजाचे पैसे वाचवायचे असते तर तिथे वाचवले असते.

१९९८ चा पहिला 'हाफ-लाइफ' आठवा. सुरुवातीचा तो ट्रामचा लांबलचक प्रवास. कॅमेरा फ्रीमनच्या डोळ्यांतून हलत नाही, मध्येच सिनेमा सुरू होत नाही. अशा गेममध्ये तो एकदा जरी "अरे देवा!" म्हणाला, तरी माझ्या डोक्यात दुसराच कोणी येऊन बसला असं वाटणार.

आणि 'पोर्टल २'! व्हीटली नावाचा रोबो नायिका चेलला म्हणतो, "अ‍ॅपल" म्हणून दाखव. पडद्यावर बोलण्याचं बटण येतं, आपण दाबतो आणि चेल टुणकन उडी मारते. बोलणाऱ्या नायिकेला घेऊन हा विनोद करून दाखवा. ग्लॅडॉस या खलनायिका-संगणकाचे टोमणेसुद्धा समोरून उत्तर येत नाही म्हणूनच इतके झोंबतात. उत्तर आलं असतं तर नळावरचं भांडण झालं असतं.

चहाबाज
व्हायव्हाला +१. बाकी चालू द्या.

आत्याबाई
तुम्ही दोघंही दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरताय. न बोलणारा नायक वेगळा, आणि ज्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही तो वेगळा. 'झेल्डा' गेम्सचा नायक लिंक दुसऱ्या जातीचा. गावकरी त्याला विचारतात, मग त्याने काहीतरी सांगितल्यासारखं पुढचं बोलतात. मधली ओळ तेवढी गाळलेली. नाटकातल्या फोनच्या प्रसंगासारखं: "हो... कधी?... अगं बाई!" पलीकडचा मुका आहे असं आपण म्हणतो का? लिंकचं नावच मुळी खेळणारा आणि गेम यांच्यातला दुवा म्हणून ठेवलेलं.

त्याच मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये (२०१७) तर कारणही दिलंय. राजकन्या झेल्डाच्या रोजनिशीत आहे की सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत, म्हणून खंबीर राहायचं आणि सगळं मुकाट्याने सोसायचं, असं लिंक मानतो. मला ते वाचून गलबलून आलं होतं.

मधली सुट्टी
@आत्याबाई, फरक मान्य. पण रोजनिशी हे थिगळ आहे हो. १९८६ पासून गप्प असलेल्या माणसाला २०१७ मध्ये कारण शिवलं.

@रात्रपाळी, 'डेड स्पेस'चं काय मग? २००८ मध्ये त्याचा नायक आयझॅक फक्त ओरडतो आणि कण्हतो. २०११ च्या दुसऱ्या भागात बोलू लागला. २०२३ मध्ये पहिलाच भाग नव्याने केला, तेव्हा त्यातही त्याला बोलता केला. करणाऱ्यांनीच चूक दुरुस्त केली ना?

आणि 'मेट्रो एक्सोडस'चा आर्त्योम? दोन टप्प्यांच्या मध्ये पडदा लोड होताना घडाघडा निवेदन करतो, आणि बायको शेजारी बसून मन मोकळं करते तेव्हा मख्ख!

चहाबाज
यात अवास्तव काय आहे? आमच्याकडे रोज हेच.

रात्रपाळी
आर्त्योम तुम्हाला दिला. त्याची बाजू मीही घेणार नाही.

पण गाडी उलटीही धावलीय. 'फॉलआउट ४' (२०१५) मध्ये नायकाला आवाज दिला आणि उत्तरं बहुतेक वेळा चार पर्यायांत कोंबली. लोकांनी बोंब मारली. त्याच कंपनीच्या 'स्टारफील्ड'मध्ये (२०२३) नायक पुन्हा बिनआवाजाचा. 'मेट्रॉइड: अदर एम'मध्ये (२०१०) एरवी गप्प असणाऱ्या नायिका सॅमसला भरभरून बोलायला लावलं, तर ही आमची सॅमस नव्हेच म्हणून चाहते रुसले.

कोपऱ्यातलं टेबल
जरा वेगळा मुद्दा. आम्ही सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून खेळणारी पोरं. टॉमी काय बोलतो ते निम्मं कळायचं नाही, आम्ही बटण दाबून पुढे जायचो. पण क्लॉड माझ्या डोक्यात अस्सल मराठीत बोलायचा. "चल बे, सरक" वगैरे. गप्प नायकाला भाषा नसते, म्हणून तो आपला होतो.

अवांतर: मराठीत असा गेम करायचा तर नायक गप्प असलेलाच बरा. मुलगा की मुलगी हे खेळणाऱ्यावर सोपवलं, की "मी आलो" आणि "मी आले" दोन्ही रेकॉर्ड करणं आलं.

आत्याबाई
@कोपऱ्यातलं टेबल, तेवढ्याने सुटका नाही. समोरचाही "आलास का" किंवा "आलीस का" म्हणणारच. मग सगळ्यांना "अहो, आलात का" म्हणायला लावा. राक्षसांनासुद्धा.

चहाबाज
"अहो, मरता का आता?" असं म्हणणारा राक्षस मला हवाय.

मधली सुट्टी
सायबर कॅफेचा मुद्दा लागला. तरी अ‍ॅलिक्सच्या वडिलांच्या प्रसंगात मला दोन शब्द हवे होते, त्यावर ठाम आहे.

ता. क. भावाने आता फ्रीमनची उत्तरं स्वतःच मोठ्याने द्यायला सुरुवात केलीय. बहुतेक शिव्याच आहेत. आईने दार लावून खेळायला सांगितलंय. रात्रपाळी, हे तुमच्या बाजूने मोजू नका.