मुलाची पोटगी वसूल करणं हे सरकारचं काम का नसावं?

सुईदोरा
कोर्टाचा आदेश हातात आला की पोटगीचा प्रश्न सुटला असं लोकांना वाटतं. खरी दगदग तिथून सुरू होते. बाप दोन महिने भरतो, तिसऱ्यापासून गप्प. मग आईनं पुन्हा वकील गाठायचा, वसुलीचा अर्ज टाकायचा, वॉरंट निघालं की पोलीस ठाण्यात खेटे घालायचे आणि शेवटी शेरा वाचायचा : 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.' तो इसम संध्याकाळी कुठल्या टपरीवर बसतो हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं! वर आणखी एक मेख आहे. रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर वॉरंटचा हा मार्ग त्या रकमेपुरता बंद. म्हणजे शिस्त पाळायची ती तिनंच.

घरपट्टी थकली तर नगरपालिका दारात येते. मुलाचं थकलं तर कोणी येत नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून राज्याराज्यांत यासाठी सरकारी यंत्रणा आहे, पगारातून परस्पर कापून घेतात. आपल्याकडे का नको? आदेश कोर्टानं द्यावा, वसुली सरकारनं करावी, आईला मूल सांभाळू द्यावं.

एडिसनकर
ताई, दुरून डोंगर साजरे. इथे अमेरिकेत राहतो म्हणून सांगतो. पगारदारांसाठी यंत्रणा चोख आहे, वाद नाही. कोणालाही कामावर घेतलं की मालकाला राज्याकडे कळवावं लागतं, त्यामुळे नोकरी बदलून सुटका होत नाही. टॅक्सचा परतावा अडवतात, ड्रायव्हिंग लायसन्स रोखतात, अडीच हजार डॉलरच्या वर थकलं की पासपोर्ट मिळत नाही.

पण ज्याला धड पगारच नाही त्याचं काय? लायसन्स गेल्यावर तो कामावर जाणार कसा? थकबाकीचा मोठा हिस्सा अगदी तुटपुंज्या कमाईच्या बापांच्या नावावर साचलेला आहे. कायद्यातल्या १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीनंतर एकदा चढलेली थकबाकी न्यायाधीशालाही मागे जाऊन कमी करता येत नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. आई सरकारी रोख मदतीवर असेल, तर बापाकडून वसूल झालेल्या पैशांतला बराचसा, काही राज्यांत सगळाच, सरकार आपल्या खर्चापोटी ठेवून घेतं. वसुली मुलाच्या नावानं, भरणा तिजोरीत. हे हवंय का?

सुईदोरा
तिजोरीत नकोच. पण ते त्यांच्या मदत योजनेच्या नियमांमुळे होतं, वसुली सरकार करतं म्हणून नाही. तेवढं वगळून बाकीचं घेऊ की.

कडूकारलं
बापाला मूल महिनोन्महिने भेटू देत नाहीत त्यावर कधी धागा निघणार? पैसे द्यायला तेवढा बाप.

दरखास्तवाला
@कडूकारलं, भेटीसाठी वेगळा अर्ज करता येतो, अवश्य करा. मूल भेटलं नाही म्हणून शाळा त्याची फी माफ करत नाही.

निवृत्त अव्वल कारकून
आधी सरकारला जे नुसतं द्यायचंय त्याची गत बघा. एकल पालकांच्या मुलांना बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये रक्कम महिना ११०० वरून २२५० केली, चांगलं केलं. पण गृहभेट, बालकल्याण समितीचा आदेश, जिल्हा महिला व बालविकास कार्यालय एवढ्या पायऱ्या चढून गेल्यावरही निधी आला नाही म्हणून पैसे तुंबतात. याच यंत्रणेला आता घ्यायचंही काम सांगता? ब्रिटननं १९९३ मध्ये यासाठी खास एजन्सी काढली, ती इतकी फसली की शेवटी गुंडाळावी लागली. २०१२ पासून नवी सेवा आहे. ती मध्ये पडून वसुली करते तेव्हा भरणाऱ्याकडून २० टक्के जादा घेते आणि मुलाच्या रकमेतूनही ४ टक्के कापते.

स्टुटगार्टहून
जर्मनीत क्रमच उलटा आहे. बाप देत नसेल तर युगेंडआम्ट, म्हणजे बालकांचं कार्यालय, ठरलेली रक्कम आईला आधी देऊन टाकतं आणि मग बापाच्या मागे लागतं. २०१७ पासून वयाच्या १८ वर्षांपर्यंत. सरकारला सगळं परत मिळतं का? नाही, बरंच बुडतं. पण बुडीत सरकारच्या खात्यावर जातं, मुलाच्या नाही.

निवृत्त अव्वल कारकून
आमचे बाप ते ऐकतील आणि दुसऱ्याच महिन्यापासून देणं बंद करतील. सरकार देतंय ना!

दरखास्तवाला
सगळे परदेशात फिरून आलात, आता जरा घरचा कायदा उघडू. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. थकलेल्या पोटगीची वसुली दंडाच्या वसुलीसारखी करायची असं त्यात लिहिलंय. आणि दंड कसा वसूल करायचा? एक मार्ग असा की कोर्ट जिल्हाधिकाऱ्याला वॉरंट पाठवतं आणि त्यांनी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची. म्हणजे सरकारी वसुली कायद्यात आहेच. वापरतं कोण? आम्ही वकीलसुद्धा सवयीनं अटकेचा अर्ज टाकतो, कारण एक महिन्याची कैद दिसली की सासरचे पैसे गोळा करतात. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय. शिवाय सरकारी नोकर असो की कंपनीतला, पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी कोर्टाला त्याचा दोन तृतीयांशापर्यंत पगार जप्त करता येतो.

माझ्या मते नवं खातं नकोच. कोर्टानं स्वतःहून हे वॉरंट काढावं आणि कलेक्टरला विचारावं, काय केलंत?

निवृत्त अव्वल कारकून
वकीलसाहेब, ते वॉरंट कलेक्टरकडून तहसीलदाराकडे आणि तिथून तलाठ्याकडे येणार. तलाठ्याला पीक पाहणी, पंचनामे, निवडणूक, सगळं तोच. आढावा बैठकीत महसूल वसुली किती टक्के हे विचारतात. पोटगीचा रकाना मी एवढ्या नोकरीत कुठल्या तक्त्यात पाहिला नाही.

सुईदोरा
मग घाला रकाना! माझी मागणी तेवढीच समजा. तालुक्यात आदेश किती झाले, वसूल किती, येणे किती. दर महिन्याला.

निवृत्त अव्वल कारकून
रकाना घातला की तो भरला जातो. वसुली होतेच असं नाही.

एडिसनकर
आणि जमीन भावाच्या नावावर करून ठेवली असेल तर?

दरखास्तवाला
तर तलाठी हात हलवत परत. म्हणून पहिल्या तारखेआधीच सातबारा आणि आठ-अ चे उतारे काढून ठेवायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात त्यानं शेत लपवलं आणि तुमच्याकडे उतारा असला, तर तिथेच कोर्टापुढे ठेवा. मागाहून भावाच्या नावावर केलं तरी निदान भांडायला कागद राहतो.