मदत हवी: आउटलाइन फॉन्ट लावल्यापासून उजवीकडचे रकाने गायब

स्पूलकरी
पीएसएफवर (मेनफ्रेमचं छपाई सॉफ्टवेअर) वर्षानुवर्षं जीटी१२ या रास्टर (ठिपक्यांनी बनलेल्या) फॉन्टने चालणारा रिपोर्ट आहे. प्रिंटर बदलला, म्हणून आउटलाइन (अक्षराची बाह्यरेषा साठवणारा, हव्या त्या आकारात काढता येणारा) फॉन्ट लावायचं ठरलं. फॉन्ट लायब्ररी स्टार्टअप प्रोसिजरमध्ये जोडली, टास्क थांबवून पुन्हा सुरू केली. अक्षरं सुरेख येतात, पण प्रत्येक ओळीचा शेवट छापलाच जात नाही. एरर एकही नाही. उद्या रात्री लाइव्ह जायचंय, कृपया लवकर सांगा.

रात्रपाळी
फॉन्ट मेनफ्रेमवर आणले कसे? पीसीवरून एफटीपी केलं असेल तर दोष तिथेच. बायनरी मोडमध्ये पाठवलं तरी व्हीबीएम (कमीजास्त लांबीच्या रेकॉर्डच्या) डेटासेटमध्ये रेकॉर्ड भलत्याच जागी तुटतात. प्रत्येक रेकॉर्ड हेक्स ५ए ने सुरू व्हायला हवा, मग दोन बाइट लांबी, मग डी३ ने सुरू होणारा आयडी. ब्राउझ करून हेक्स ऑन करा आणि बघा. माझे दोन दिवस यातच गेले होते.

पंचकार्ड
रात्रपाळी, फॉन्ट तुटका असता तर पीएसएफने तो उचललाच नसता, एपीएसने सुरू होणारे मेसेज आले असते. इथे अक्षरं नीट उमटतायत.
स्पूलकरी, फॉन्ट सांगितलाय कुठे? जेसीएलच्या (जॉबला दिलेल्या सूचनांच्या) कॅर्स पॅरामीटरमध्ये की पेजडेफमध्ये (पानाच्या मांडणीच्या व्याख्येत)? त्या ओळी इथे टाका.

टीटीएफ_समर्थक
मुळात जुन्या आउटलाइनच्या मागे का लागताय? ट्रूटाइप घ्या. फाइल यूनिक्स डिरेक्टरीत ठेवायची, रिसोर्स ॲक्सेस टेबलमध्ये नोंद करायची, प्रिंटडेव्ह स्टेटमेंटमध्ये फॉन्टपाथ द्यायचा. कोड पेजची (कुठल्या बाइटला कुठलं अक्षर या तक्त्याची) कटकट संपते. आम्ही सगळं तिकडे नेलंय.

पंचकार्ड
ट्रूटाइप चांगलंच आहे, पण प्रिंटरला ते पेलायला हवं आणि ॲप्लिकेशनकडूनही काम लागतं. उद्या रात्री लाइव्ह जाणाऱ्याला हा सल्ला देऊ नये.

नवखी_जेसीएल
ट्रूटाइपने मेनफ्रेमवरून देवनागरी छापता येईल का? आमच्याकडे जोडाक्षरं सुटी सुटी येतात.

टीटीएफ_समर्थक
येईल, पण नुसता फॉन्ट ठेवून नाही. जोडाक्षर कुठल्या ग्लिफने (फॉन्टमधल्या आकृतीने) बनतं हे आधी कोणीतरी ठरवावं लागतं. तो हिशोब डेटा बनवणाऱ्या प्रोग्रॅमने करून ग्लिफचे क्रमांक आणि जागा एएफपीमध्ये (पीएसएफ छापतं त्या डेटाच्या स्वरूपात) लिहायच्या. एका बाइटला एक अक्षर या पद्धतीत ते बसत नाही. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

स्पूलकरी
मंडळी, माझा प्रश्न राहिला. लायब्ररी एफटीपीने आणलेली नाही, इन्स्टॉल केलेलीच आहे. जेसीएलमध्ये कॅर्स=जीटी१२ तसंच आहे. पेजडेफमध्ये फॉन्ट घातलाय: सीएस (अक्षरसंच) सीझेड४२००, म्हणजे कुरियर, सीपी (कोड पेज) टी१व्ही१०५००, हाइट १२ पॉइंट्स. एरर खरंच नाहीत, पीआयएमएसजी=येस (एरर मेसेज छापा) आहे.

रात्रपाळी
मग कॅर्स आडवं येतंय. ते काढा.

पंचकार्ड
नाही. पेजडेफमध्ये फॉन्टचं नाव असेल तर कॅर्सकडे पीएसएफ बघत नाही. काढून टाकलेलं बरं, पुढच्या माणसाचा गोंधळ वाचेल, पण कारण ते नव्हे.
स्पूलकरी, तीन गोष्टी सांगा. छापता येणारी रुंदी किती? ओळीत अक्षरं किती, आणि कितव्या अक्षरानंतर तुटतं? आउटपुट स्टेटमेंटवर डेटॅक (डेटातल्या एरर कळवायच्या की दाबायच्या ते ठरवणारा) काय आहे?

स्पूलकरी
१२ इंच. १३२ अक्षरं. १२० व्यानंतर काही नाही. डेटॅक=ब्लॉक, कायम तेच होतं. हो, आणि ओळी खालीवर एकमेकींना घासतायत, ८ एलपीआय (इंचात ८ ओळी) आहे.

पंचकार्ड
सापडलं. जीटी१२ मधला १२ हा पिच आहे, म्हणजे एका इंचात १२ अक्षरं. तुम्ही तो पॉइंट (१/७२ इंच) समजून हाइटमध्ये लिहिलात. रास्टर फॉन्टमध्ये आकार आतच पक्का असतो, म्हणून हा प्रश्न इतकी वर्षं आला नाही. आउटलाइनला आकार आपणच सांगायचा असतो.

कुरियरमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी फॉन्टच्या आकाराच्या ०.६ पट. १२ पॉइंटला ७.२ पॉइंट, म्हणजे १/१० इंच. म्हणून १२ इंचात १२० अक्षरं मावली आणि उरलेली १२ बाहेर गेली. जुन्या फॉन्टने १३२ अक्षरं बरोबर ११ इंचात बसायची.

सोपा हिशोब: १२० भागिले पिच. १० पिचला १२ पॉइंट, १२ पिचला १० पॉइंट, १५ पिचला ८ पॉइंट. तुम्हाला हाइट १० पॉइंट्स हवं.

ओळी घासण्याचंही मूळ तेच. ८ एलपीआय म्हणजे ओळीला ९ पॉइंट जागा, त्यात १२ पॉइंटचं अक्षर.

आणि एरर दिसली नाही ती डेटॅक=ब्लॉकमुळे. कागदाबाहेर गेलेल्या अक्षरांची तक्रार तो दाबून टाकतो. टेस्टिंगला अनब्लॉक ठेवत जा, मी हे प्रत्येकाला सांगतो.

रात्रपाळी
उंची १२ पॉइंटच ठेवून रेशो (उंचीच्या तुलनेत रुंदीची टक्केवारी) ८३ दिला तर? रुंदी तेवढीच कमी होईल, वाचायला मोठं राहील.

पंचकार्ड
हिशोबात बसतं, पण अक्षरं चेपलेली दिसतात, शिवाय प्रिंटरने रेशो मानायला हवा. आणि ८ एलपीआयवर ओळींचं घासणं तसंच राहील.

स्पूलकरी
आधी १२ वरच अनब्लॉक करून पाहिलं, पोझिशनच्या एररची रांग लागली. मग १० केलं, १३२ ची १३२ अक्षरं आली, ओळीही सुट्या झाल्या. पंचकार्ड काका, मनापासून आभार.
आता मथळ्याचं हेल्व्हेटिका उरलंय. रास्टरचं ८ पॉइंट होतं, आउटलाइनलाही ८ पॉइंटच दिलंय, तरी ६० अक्षरांची ओळ किंचित सरकलीय.

पंचकार्ड
ते राहणारच. तुमच्या इंचाला २४० पेलच्या (ठिपक्यांच्या) रास्टरमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी पूर्ण पेलमध्ये राउंड केलेली असायची. अक्षरामागे अर्ध्या पेलपर्यंत फरक, ६० अक्षरांत तो फार तर ३० पेल, म्हणजे १/८ इंच. आउटलाइनमध्ये रुंदी एमच्या (फॉन्टच्या आकाराइतक्या मापाच्या) हजाराव्या भागात मोजतात. मथळ्यातला प्रत्येक तुकडा वेगळा फील्ड करून त्याला पोझिशन द्या, म्हणजे फरक पुढे साचत जात नाही.