शब्दचर्चा : 'मॉइल' म्हणजे राबणं की रगाडा?

नांदेडहून
दहावीच्या वर्गाला इंग्रजी शिकवतो. एका जुन्या उताऱ्यात 'टॉइल अँड मॉइल' अशी जोडी आली. टॉइल म्हणजे कष्ट, हे पोरांना ठाऊक आहे. मॉइलपुढं मात्र कोशात दोन अर्थ दिसतात : एक ढोरमेहनत, दुसरा गोंधळ, खळबळ. दोन्ही पेलणारा मराठी शब्द आहे का? नुसतं 'कष्ट' लिहून मोकळं व्हायचं नाही, आणि 'परिश्रम-संक्षोभ' असलं काही तर मुळीच नको.

लातूरहून
सर, मॉइल आता एकटा क्वचितच दिसतो, बहुतेक वेळा टॉइलसोबतच येतो. त्याचं मूळ पाहिलं तर दोन अर्थांचं कोडं थोडं सुटतं. जुन्या फ्रेंचमधल्या 'भिजवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला. त्याच्याही मागं लॅटिन 'मोलिस', म्हणजे मऊ. आधी भिजणं, मग चिखलानं बरबटणं, मग चिखलात राबणं. आपल्याकडं माळवदाच्या घरासाठी गारा तुडवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हा अर्थ समजावून सांगायला नको. गुडघ्यापर्यंत भिजलेली माती, आणि तुडवणारा थांबला की काम थांबलं.

गंमत टॉइलची जास्त आहे. लॅटिनमध्ये 'तुडिक्युला' नावाचं ऑलिव्ह चिरडायचं साधन होतं, टॉइलचं मूळ तिथं जातं. इंग्रजीत तो प्रथम भांडण, झटापट या अर्थानं वावरला, कष्टाचा अर्थ मागून चिकटला. म्हणजे कष्ट आणि कल्लोळ या दोन्ही शब्दांत आधीपासून मिसळलेले आहेत. टर्मॉइलमध्ये मॉइल दिसतो म्हणून त्याला त्याच घरातला समजू नका. त्याचं मूळ कोशकार अनिश्चितच मानतात.

माझं मत 'रगाडा'. रगडणे म्हणजे दाबून घासणं, वाटणं, आणि त्याच्यातनं 'कामाचा रगाडा', 'रोजचा रामरगाडा'. चिरडण्यातनं टॉइल, रगडण्यातनं रगाडा. इतकं जवळचं दुसरं काही मला तरी दिसत नाही.

परभणीहून
लातूरकर, जोडी सुरेख जुळवलीत, पण रगाड्यात पसारा जास्त आणि घाम कमी. पाहुणे आले, गॅस संपला, पोराचा डबा राहिला, हा रामरगाडा. भर उन्हात विहीर खोदणाऱ्याला कुणी 'रगाड्यात आहे' म्हणेल का? तिथं राबणं, खपणं, मरमर, उरफोड हेच शब्द येतात. शिवाय सरांना क्रियापदही लागेल, आणि रगाड्याचं क्रियापद करायला गेलं की नुसतं 'रगडणं' उरतं. ते जेवणावर ताव मारणाऱ्यालाही म्हणतात.

आमच्याकडची बाई 'राबून राबून' म्हणत नाही. 'राबू राबू हाडं झिजली माय' म्हणते. त्या 'राबू राबू'त जो न संपणारा ताल आहे, तो 'टॉइल अँड मॉइल'च्या यमकाला बरोबर उत्तर देतो.

बीडहून
'यातायात' कुणालाच आठवली नाही? संस्कृतात तिचा अर्थ नुसता जाणं-येणं. हिंदीत ती रहदारी झाली, मराठीत मात्र त्या जाण्या-येण्याची दगदग आणि हाल उरले. इंग्रजीत वाट उलटी आहे. 'ट्रॅव्हेल' म्हणजे यातना देणारे कष्ट (त्याचं मूळ तीन खुंटांच्या छळयंत्राच्या लॅटिन नावात सांगतात), आणि त्याच शब्दातून प्रवासाचा 'ट्रॅव्हल' निघाला. तिकडं कष्टातनं प्रवास, इकडं प्रवासातनं कष्ट.

हे मला सुचलं त्याला कारण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातल्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसाची मोजणीच हत्याराच्या नावानं! तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची, लेकरं कोपीत. इथं 'कष्ट' हा शब्द तोकडा पडतो, कारण नुसता घाम नाही, सगळं आयुष्यच ढवळून निघतं. मॉइलचे दोन्ही अर्थ मला तिथं एकत्र दिसतात. त्याला यातायातच म्हणावं.

तुळजापूरहून
एक विनंती. कोशात 'गोंधळ' असेल तर असू द्या, पण वर्गात पोरांना हेही सांगा की तो मुळात देवीचा विधी आहे. संबळ, तुणतुणं, दिवटी, रात्रभराचं जागरण. बाहेरून ऐकणाऱ्याला तो गलबला वाटला आणि शब्द तसाच रूढ झाला. आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घालतात, उडवत नाहीत.

लातूरहून
परभणीकरांचा आक्षेप मान्य, क्रियापदाला रगाडा चालणार नाही. यातायातीत मात्र मला धावपळ जास्त ऐकू येते. जाता जाता एक : 'मशागत' शब्द अरबी 'मशक्कत'वरून आलाय, म्हणजे ढोर कष्टच. उर्दूत तो कष्टच राहिला, आपण तो थेट नांगर-वखराला जुंपला. फ्रेंचांनीही तेच केलं. इंग्रजीतल्या लेबरचं त्यांचं भावंड म्हणजे नांगरणे.

नांदेडहून
मंडळी, आभार. उताऱ्यातला माणूस शेतात आहे, म्हणून तिथं 'राबू राबू' ठेवतो. पुस्तकी नाही म्हणून कुणी हरकत घेतली तर परभणीकडं बोट दाखवीन. 'रगाडा' नामासाठी. आणि पुढच्याच पानावर ढग 'मॉइल' करतात असं वाक्य आहे. तिथं ना कष्ट, ना रगाडा, सरळ 'घुसळतात' लिहिलं. ताक घुसळणारी पोरं वर्गात आहेत अजून, त्यांना कळेल.

परभणीहून
ढगांना 'घुसळतात' नको सर, 'घुसळून निघतात' करा. नाहीतर पोरं विचारतील, काय घुसळतात?