जुन्या गाडीचा रेडिएटर: तडा बुजवावा की नवा बसवावा?

प्रश्न

माझी २०१२ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. अलीकडे साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर चढला. बॉनेट उघडून पाहिले तेव्हा इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टँकला, होज पाइप (रबरी नळी) बसतो त्याच्या मुळाशी, बारीक तडा आणि भोवती वाळलेल्या कुलंटचे (रेडिएटरमधल्या थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) डाग दिसले. गॅरेजवाले एपॉक्सी हे चिकटद्रव्य लावून सहाशे रुपयांत काम भागवतो म्हणतात. नव्या रेडिएटरचे, कुलंट आणि मजुरी धरून, साडेपाच हजार सांगतात. गाडीच्या आरसीची (नोंदणीची) पंधरा वर्षे २०२७ मध्ये संपतात आणि पुढे ती ठेवायची की विकायची हे ठरलेले नाही. अशा गाडीवर एवढा खर्च करावा का?

प्रतिसाद १

आपण सहाशे आणि साडेपाच हजार या दोन आकड्यांची तुलना करत आहात, पण एपॉक्सी वाटेत सुटली तर इंजिनाचे काय होईल, हा खर्चही हिशेबात धरावा लागेल. रेडिएटरच्या कॅपवर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढ्या बार जादा दाबाखाली साधे पाणीसुद्धा शंभरऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. तडा उघडला की हा दाब जातो आणि तापलेले कुलंट क्षणात उकळू लागते. त्यातच तापमानाचा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला, तर काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो आणि चालकाला वाटते की गाडी थंड झाली. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे ॲल्युमिनियमचे हेड, अशा वेळी वाकते. मग हेड गॅसकेट (हेडखालची सील), फेसिंग (हेड पुन्हा सपाट करणे) आणि इंजिन उघडण्याची मजुरी मिळून नव्या रेडिएटरच्या कितीतरी पट बिल होते.

शिवाय हा टँक नायलॉनचा असतो आणि त्यावर चिकटद्रव्य नीट धरत नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो ठिसूळ झालेला असल्यामुळे आज एक तडा बुजवला, तरी शेजारी दुसरा जाण्याची शक्यता राहतेच. पितळी टँकच्या जुन्या रेडिएटरला डाख देता (सोल्डर करता) येत असे. ती सोय इथे नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी बराचसा सहमत आहे, मात्र लगेच नव्या रेडिएटरकडे धावू नये. आधी गाडी थंड असताना प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती शोधणे) करून घ्यावी, कारण डाग तड्याभोवती असले तरी गळती क्लिपमधून किंवा होजमधूनही असू शकते. पंखा वेळेवर सुरू होतो का आणि थर्मोस्टॅट (कुलंटची वाट उघडणारी झडप) उघडतो का, हेही त्याच वेळी पाहावे. गळती टँकचीच निघाली आणि ॲल्युमिनियमची जाळी (कुलंट वाहणाऱ्या नळ्यांचा मधला भाग) शाबूत असेल, तर रेडिएटरचे काम करणारे कारागीर कडेच्या पट्ट्या उघडून नव्या रबर गॅसकेटसह फक्त टँक बदलून देतात. तुमच्या मॉडेलचा टँक सुटा मिळत असेल आणि गाडी लवकरच विकायची असेल, तर मला हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो. एपॉक्सी लपवून गाडी विकणे मात्र सरळ फसवणूक ठरेल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. टेस्टमध्ये गळती टँकचीच निघाली, पण जाळीच्या खालच्या भागातही पांढरी पुटे आहेत. आधीच्या मालकाने बहुधा बोअरचे पाणी घातले असावे. गळती थांबवणारी पावडर टाकून काही महिने काढता येतील का?

प्रतिसाद १

पावडर टाकू नये. ती तड्यात जशी साचते तशीच जाळीच्या अरुंद नळ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्येही (गाडीच्या आतल्या हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये) साचते. जाळी क्षारांनी खाल्ली असेल तर टँक बदलण्यातही अर्थ उरत नाही; नवाच रेडिएटर बसवावा. आरसीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी गाडीची आरटीओ तपासणी होते, तेव्हा गाडी ठेवलीत तर हा खर्च त्या काळात वसूल होईल. काम करताना कॅप आणि दोन्ही होजही नवे घ्यावेत. जुने पाणी पूर्ण काढून, इंजिन धुऊन, मगच कुलंट भरावे आणि त्यातील हवा निघेपर्यंत गाडी गॅरेजमधून हलवू नये.